आजचं चिंतन: गीता २.१४ आणि वेळेआधी आलेला पाऊस

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४.

हा श्लोक तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. भगवंत अर्जुनाला सांगतात, की इंद्रियांची विषयांशी गाठ पडली की कधी गार वाटतं, कधी तापतं, कधी सुख होतं, कधी दुःख. हे सगळं येतं आणि जातं. त्यातलं कायमचं काहीच नाही. म्हणून ते सोसायला शीक. या सोसण्याला आपल्याकडे तितिक्षा म्हणतात.

मला या श्लोकातली एक साधी गोष्ट नेहमी आवडते. सुखदुःखाची गोष्ट सुरू करताना भगवंत पहिलं उदाहरण थंडी आणि उष्णतेचं देतात. युद्धभूमीवर, दोन सैन्यांच्या मधोमध, मरणाच्या गप्पा चालू असताना हवामानाचं उदाहरण! पण विचार केला तर ते अगदी बरोबर आहे. मोठं दुःख रोज येत नाही. हवा मात्र रोज बदलते, आणि आपलं मन किती पटकन हलतं हे तिथेच सगळ्यात आधी कळतं. मार्चमध्ये "काय हा उकाडा", जूनमध्ये "कधी येणार पाऊस", जुलैमध्ये "कधी थांबणार पाऊस", आणि डिसेंबरमध्ये दोन दिवस गारवा आला की लगेच "थंडी कुठे राहिली आता पूर्वीसारखी". ऑफिसच्या ग्रुपवर वर्षभर हेच चालतं. मीही त्यात असते, तुम्हीही असाल.

म्हणून हा श्लोक मला सोपा वाटायचा. एसी बंद पडला, सोसा. लोकलमध्ये भिजलो, सोसा. २०२५ च्या मे महिन्यात मात्र हा श्लोक मी चुकीच्या जागी वापरला. आज तेच सांगायचं आहे. सांगताना थोडी लाज वाटते, पण रोज गीता वाचणाऱ्यांकडून ही चूक फार सहज होते, म्हणून लिहितेय.

पाऊस इलो

माझं आजोळ देवबागला. मालवणपासून तारकर्लीच्या पुढे गेलात की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मध्ये जमिनीची निमुळती पट्टी. त्या पट्टीवर गाव. मे महिन्याची सुट्टी तिथे, हे लहानपणापासून ठरलेलं. त्या वर्षी दोन महिने आधी कोकणकन्येची तिकिटं काढली होती, दोन मैत्रिणी सोबत होत्या, स्कूबाचं ठरलं होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस मेमध्ये पडतोच, त्यात नवीन काही नाही. वारा सुटला, माड वाकायला लागले, आणि मी मोबाइल घेऊन बाहेर पळाले. व्हिडिओ काढला, गाणं लावलं, टाकला. मागून आजी ओरडत होती. तिने खळ्यात सोलं वाळत घातली होती. रातांब्याची साल काढायची, ती रातांब्याच्याच रसात मीठ घालून भिजवायची, उन्हात वाळवायची, परत भिजवायची, परत वाळवायची. अशी चार-पाच पुटं दिली की आमसूल होतं. तिची तीन पुटं झाली होती. मी व्हिडिओ काढत होते तेव्हा ती एकटी सुपं उचलून पडवीत आणत होती. हे मला व्हिडिओ परत बघताना दिसलं. एका कोपऱ्यात तिची पाठ दिसते.

तो वळीव नव्हता. पाऊस थांबलाच नाही. दक्षिण कोकणच्या किनाऱ्यालगत समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, आणि एरवी तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून २५ मे रोजी देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी, तो मुंबईत होता. मुंबईत त्याची नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींमध्ये तो मुंबईला इतक्या लवकर कधी पोचला नव्हता.

पहिल्या दिवशी मला पाऊस आवडला. दुसऱ्या दिवशी लाईट गेली तेव्हा मजा वाटली. तिसऱ्या दिवशी स्कूबा रद्द झालं आणि मी चिडले. चौथ्या दिवशी ओले कपडे वाळेनात, फोन चार्ज होईना, मैत्रिणी कंटाळल्या. पाऊस तोच, मी तीच, आणि चार दिवसांत चार मनं. रोजच्या पाठात २.१४ वाचला आणि मनाशी म्हटलं, बघ, हेच सांगितलंय. येतं, जातं. शांत हो. आणि खरंच थोडी शांत झाले. इथपर्यंत श्लोक माझ्याशी नीट वागला, आणि मीही श्लोकाशी.

मी काय बोलले

शेजारची काकी सुकी मासळी विकते. बांगडे, सुंगटं, गोलमो. कोकणात पावसाळ्याआधी घराघरांत आगोटची बेगमी होते. जूनपासून समुद्र खवळतो, १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, ताजी मासळी कमी मिळते. मग सुकी मासळी, आमसुलं, पापड, लोणची, चुलीची लाकडं, सगळं मिरगाआधी घरात यायला हवं. काकीचा वर्षातला मोठा धंदा याच पंधरा-वीस दिवसांचा. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती बाजारात बसते, आणि त्या पैशावर तिचं घर श्रावणापर्यंत चालतं.

तिची मासळी उघड्यावर वाळत होती. पहिल्या सरीत निम्मी भिजली. उरलेली तिने आत आणली, पण ऊन नाही, दमट हवा, चार दिवस सलग पाऊस. मासळीला वास सुटला, अळ्या पडल्या. पाचव्या दिवशी सकाळी ती आमच्या पडवीत येऊन बसली. रडत नव्हती. आजीशी बोलत होती, किती टोपल्या गेल्या, मीठ किती लागलं होतं, कोणाचे किती द्यायचे आहेत.

मी नुकतीच पाठ करून उठले होते. मन छान शांत होतं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "काकी, गीतेत देवाने सांगितलंय, हे सगळं येतं आणि जातं. मनाला लावून घेऊ नका. पाऊस पण जाईल."

काकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. म्हणाली, "बाय, पाऊस जातलो, ता माका ठावक आसा. मासळी गेली ती काय परत येतली? श्रावणापर्यंत घर कशार चालवतलंय मी?"

मला उत्तर सुचलं नाही. आजी पण काही बोलली नाही. काकी थोडा वेळ बसली आणि उठून गेली.

त्या क्षणी मला वाटलं, की काकीला श्लोक कळला नाही. हे लिहिताना हात अडखळतो, पण खरं तेच आहे. मला माझी चूक संध्याकाळी कळली.

आजीचं गाऱ्हाणं

संध्याकाळी आजीने तुळशीपाशी दिवा लावला. पाऊस जरा उघडला होता. तिने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. मालवणी घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे देवाला थेट, आपल्या बोलीत, मोठ्याने सांगणं. देवळात गावकर किंवा गुरव घालतो, घरात घरातलं मोठं माणूस. "बा देवा म्हाराजा" अशी हाक मारायची आणि काय हवंय, काय बिघडलंय, ते सरळ सांगायचं. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. त्यात वाडी येते, गुरंढोरं येतात, समुद्रावर गेलेले येतात, मुंबईचे चाकरमानी येतात.

आजीने काकीच्या मासळीचं गाऱ्हाणं घातलं. किती टोपल्या गेल्या ते सांगितलं. द्यायचे पैसे सांगितले. तिच्या घरात खाणारी तोंडं किती आहेत तेही सांगितलं. पडवीतून मामा "व्हय म्हाराजा" म्हणत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आजी माळकरी आहे. चाळीस वर्षं झाली, तिने मासळीला हात लावलेला नाही. आणि ती देवासमोर उभी राहून बांगड्यांचा हिशोब देत होती.

मी विचारलं, "आजी, तुझ्या सोलांचं नाही सांगितलंस?" तिची सोलंही काळी पडून गेली होती, सगळा मे महिना तिने त्यात घातला होता.

आजी म्हणाली, "माझी सोलां काय गो. गेली तर गेली. तिच्या घरात चार तोंडां आसत."

बस, एवढंच. ती आत गेली आणि मी दिव्यापाशी बसून राहिले. गीता मी रोज वाचते. आजीला लिहितावाचता बेताचंच येतं. पण २.१४ त्या घरात कोण जगत होतं, ते मला त्या संध्याकाळी दिसलं. स्वतःचं नुकसान तिने एका वाक्यात सोडून दिलं होतं, आणि शेजारणीचं नुकसान देवाच्या दारात नेऊन ठेवलं होतं. मी नेमकं उलटं केलं होतं. माझ्या बुडालेल्या सुट्टीचं रडगाणं चार दिवस जगाला ऐकवलं, आणि काकीला मात्र सांगितलं, की सोसा.

सोस, हे कोण कोणाला सांगतंय?

मुंबईला परत आल्यावर मी हा श्लोक पुन्हा नीट वाचला. तीन गोष्टी दिसल्या. त्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट. "सोस" हे भगवंत कोणाला सांगताहेत? आपल्या जवळच्या मित्राला. आणि कुठून? त्याच्याच रथावर बसून, घोड्यांचे लगाम हातात धरून. अर्जुनावर येणारा बाण आधी सारथ्याच्या अंगावरून जाणार आहे. ज्याने तुमच्याबरोबर रथात पाय ठेवलाय, त्याच्या तोंडी "सोस" हा शब्द शोभतो. मी परतीचं तिकीट खिशात ठेवून काकीला तो ऐकवत होते. माझं घर श्रावणापर्यंत चालणार की नाही, हा प्रश्नच नव्हता. माझा पगार पावसावर अवलंबून नाही.

दुसरी गोष्ट. गीता एका श्लोकावर संपत नाही. सहाव्या अध्यायात, श्लोक ३२ मध्ये, भगवंत श्रेष्ठ योगी कोण ते सांगतात. जो सगळीकडे स्वतःवरून ताडून बघतो, दुसऱ्याचं सुख असो की दुःख, ते आपलंच असल्यासारखं ज्याला दिसतं, तो. आता हे दोन्ही श्लोक शेजारी ठेवा. २.१४ म्हणतो, तुझं दुःख हलकं धर. ६.३२ म्हणतो, दुसऱ्याचं दुःख स्वतःचं मान. मग प्रश्न पडतो, स्वतःचं मानलं की तेही हलकंच धरायचं का? मला हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. आजीकडे बघून सुटलं. स्वतःचं दुःख हलकं धरल्यामुळे तिचे हात मोकळे होते. स्वतःच्या सोलांचं दुःख करत बसली असती, तर काकीच्या टोपल्या मोजायला तिच्या मनात जागाच उरली नसती. आपलं सोसायचं ते दुसऱ्याचं उचलता यावं म्हणून.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. आचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या आहे. तिचा भाव असा, की सगळी दुःखं प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणं म्हणजे तितिक्षा. हे वाचून कोणी विचारेल, मग ताडपत्री तरी कशाला घालायची? होडी वर का ओढायची? हवामान खात्याचा इशारा का ऐकायचा? याचं उत्तर मला अर्जुनाच्याच गोष्टीत मिळतं. तो काम टाकून बसला होता. भगवंतांनी त्याला सोसायला सांगितलं, ते उठून काम करता यावं म्हणून. सोस आणि बसून राहा, असं गीता कुठेच म्हणत नाही. साधकाने आपल्या अंगावरच्या उन्हातान्हाची तक्रार करू नये, हे खरं. पण घरावर ताडपत्री घालणं हा विलाप नाही, ते काम आहे.

तुकोबांनी काय केलं

आपल्याच मातीतलं याचं मोठं उदाहरण तुकाराम महाराजांचं आहे. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पाऊस पडलाच नाही. परंपरा सांगते, की त्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. हे सोसणं किती मोठं असेल, त्याची आपण कल्पनाही करू शकत नाही.

त्यानंतर त्यांनी काय केलं? घरात सावकारी होती, लोकांची कर्जखतं होती. भाऊ कान्होबांच्या वाट्याची खतं त्यांनी त्यांना दिली, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. जरा थांबून बघा. ते लोकांना म्हणू शकले असते, "माझी बायको गेली, मुलगा गेला, मी सोसलं, तुम्हीही सोसा आणि कर्ज फेडा." त्यांनी स्वतःचं सोसलं, आणि दुसऱ्याच्या मानेवरचं ओझं काढून पाण्यात टाकलं.

"येतं-जातं" ची पळवाट

अजून एक मुद्दा, कारण हा ब्लॉग वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच शहरात राहतात.

कोकणातला हा काही एकच धक्का नाही. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत क्यार वादळ समुद्रात होतं. ते भारताच्या किनाऱ्यावर आलंही नाही, पण त्याच्या पावसाने कापणीला आलेलं भात आडवं केलं, कापून ठेवलेल्या भाताला कोंब फुटले. त्या एका वर्षात अरबी समुद्रात ५ चक्रीवादळं झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा हापूसचा हंगाम चालू होता. थंडी वेळेवर पडली नाही की आंब्याला मोहोर उशिरा येतो, मोहोरावर पाऊस पडला की तो गळतो. समुद्र तापत चाललाय, हे शास्त्रज्ञ सांगतात, आणि त्यात आपला माणसांचा हात आहे, हेही सांगतात.

मग "येतं-जातं" म्हणून हे सगळं सोडून द्यायचं? थंडी, ऊन, पाऊस येतात-जातात, ते सोसायचं. पण ऋतूंचं वेळापत्रकच बिघडत असेल आणि त्यात माझ्या वागण्याचा थोडा तरी वाटा असेल, तर तो वाटा आहे कर्माचा. कर्माचा हिशोब सोसण्याच्या खात्यात टाकता येत नाही. आणि गंमत बघा, बिघाडात माझ्यासारख्या शहरातल्या माणसाचा वाटा जास्त, आणि नुकसानीत काकीचा. अशा वेळी तिला तितिक्षा शिकवणं म्हणजे श्लोकामागे लपणं.

पुढे काय झालं

त्या संध्याकाळनंतरच्या सकाळी मामाने मांगर रिकामा केला आणि काकीच्या उरलेल्या टोपल्या तिथे आणल्या. आत चूल पेटवली. जी मासळी वाचण्यासारखी होती ती वेगळी काढायची, परत मीठ लावायचं, धुराच्या उबेत ठेवायची. मीही बसले. दोन दिवस हाताचा वास गेला नाही. फार वाचली नाही. कुजलेली माडांच्या आळ्यात गेली, खत म्हणून. काकीचा हंगाम बुडाला तो बुडालाच, हे मी गोड करून सांगणार नाही.

मीठ लावताना मी हळूच म्हटलं, "काकी, मी काल जे बोलले ना..."

"खयचा?" काकी म्हणाली. "माका काय आठवणा नाय. ह्या मीठ धर."

मी मीठ धरलं.

आजचा संकल्प

आज दिवसभरात हवेबद्दल, ट्रॅफिकबद्दल, उकाड्याबद्दल तोंडातून तक्रार निघाली की एकदा थांबूया. ती स्वतःसाठी असेल तर गिळूया. आणि ज्याचं पोट या हवेवर चालतं असा एक तरी माणूस आठवूया: भाजीवाली मावशी, डिलिव्हरीवाला दादा, गावाकडचा शेतकरी काका, कोळीवाड्यातली ताई. त्याला श्लोक सांगायचा नाही. "किती गेलं?" एवढं विचारायचं, आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. जमलं तर हाताला मीठ लावून घ्यायचं.

आणि संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा, तुमच्या बोलीत, त्याचं गाऱ्हाणं घाला. माझं आजचं असं:

बा देवा म्हाराजा, आज ज्याचं ज्याचं पावसाने, उन्हाने, वाऱ्याने नुकसान केलं असेल, त्याच्या घरात संध्याकाळची चूल पेटू दे. आणि माझ्या तोंडी "सोसा" हा शब्द येईल, तेव्हा तो आधी माझ्याच कानावर पडू दे.

व्हय म्हाराजा.

उद्या भेटू, श्लोक १५ घेऊन. रामकृष्णहरी!